कायम की हंगामी

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीत मी पहिल्यांदा गेले ती १९९१च्या जूनमध्ये. सिडकोतल्या घराची किल्ली नुकतीच हातात पडली होती. दोन खोल्या, पुढे दहा बाय बाराचं अंगण, अंगणात बांधकामाची उरलेली खडी आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. नर्सरीवाल्यानं मातीचे हात पोत्याला पुसत विचारलं, "कायमची झाडं पाहिजेत का सीझनल?"

मला हसू आलं. कारण त्या दिवसांत मी स्वतःच सीझनल होते.

एका सरकारी कार्यालयात मी टंकलेखिका होते. नेमणुकीच्या आदेशावर 'निव्वळ हंगामी स्वरूपात' असं लिहिलेलं असे, आणि तो आदेश बहुतेक वेळा मलाच टाइप करावा लागे. ठरावीक दिवस भरले की एक दिवसाचा खंड. त्या दिवशी घरी बसायचं, कपाट आवरायचं, आणि दुसऱ्या दिवशी नव्या आदेशावर त्याच खुर्चीत, त्याच टंकयंत्रासमोर. अशी नऊ वर्षं गेली. आमच्या हेडक्लार्कना म्हणींची हौस दांडगी. हंगामी लोकांचा विषय निघाला की ते "तेरड्याचा रंग तीन दिवस" म्हणायचे, आम्ही समोर बसलेलो असलो तरी.

तेव्हा नर्सरीवाल्याला मी ठसक्यात सांगितलं, "कायमचीच द्या."

दोन गुलाब, एक मोगरा, एक जास्वंद आणि एक अनंत. रिक्षात पायाशी घेऊन आले. आता त्या पाचांचा हिशेब सांगायला हरकत नाही. अनंत दोन पावसाळे टिकला. त्याला आंबट माती लागते आणि आमची काळी माती, वर बोअरचं चुनखडीचं पाणी. पानं शिरांमधून पिवळी पडत गेली. मी बिचारी खत घालत राहिले, जणू भूक लागली म्हणूनच तो पिवळा पडतोय. खरं तर मातीतलं लोह होतं तिथेच होतं, फक्त त्याला ते उचलता येत नव्हतं. जास्वंद मिलीबगनं, म्हणजे पांढऱ्या पिठ्या किडीनं, खाल्ली. एक गुलाब अजून आहे. दुसऱ्याचं काय झालं ते पुढे सांगते. आणि मोगरा आहे, पण तो त्याच मोगऱ्याच्या फांदीला दाब देऊन केलेल्या कलमाचं कलम आहे. मूळ झाड पाण्याच्या टाकीच्या कामात गेलं. मग तो 'तोच' मोगरा की दुसरा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. वास तोच आहे.

पुस्तकी मराठीत याला वर्षायू आणि बहुवर्षायू म्हणतात. वर्षायू म्हणजे बी पडलं, रोप झालं, फुललं, पुन्हा बी धरलं आणि वाळलं, सगळं एकाच हंगामात. बहुवर्षायू म्हणजे जे मुळाशी, कंदाशी किंवा लाकडाशी जीव धरून राहतं. व्याख्या सुबक आहे, पण झाडांनी ती वाचलेली नाही. आपली सदाफुली घ्या. ती मूळची मादागास्करची. आपल्याकडे गच्चीच्या कठड्यावर, गटाराच्या काठावर, कुठंही वर्षानुवर्षं फुलते, म्हणून तर सदाफुली. हीच थंड देशांत हंगामी म्हणून विकतात, कारण पहिल्या हिमात ती मरते. उलट पिटुनिया स्वतःच्या मुलखात एकापेक्षा जास्त वर्षं जगू शकतो, आणि आपण त्याला मार्च संपता संपता उपटून फेकतो, कारण नाशिकचा एप्रिल त्याच्या बापानंही पाहिलेला नसतो. म्हणजे हंगामी की कायम हे पुष्कळदा झाडावर नाही, पोस्टिंगवर अवलंबून असतं.

सह्याद्रीत तर या दोन रकान्यांत न बसणारी मंडळी आहेतच. कारवी सात वर्षं नुसती पानं घेऊन डोंगराच्या उतारावर उभी राहते, मग एकदाच सगळा उतार जांभळा करते, बी धरते आणि मरते. तिला काय म्हणायचं? आणि अंजनेरीवर एक कंदीलपुष्प आहे, ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. त्याचा कंद कायम जमिनीत, पण वर ते पावसाळ्याचे थोडे महिने दिसतं. उरलेलं वर्ष तिथे काही आहे हे चालणाऱ्याला कळतही नाही. आमच्या कार्यालयातही असे एकदोघे कायम कर्मचारी होते, पण तो वेगळा विषय.

आता दुसऱ्या गुलाबाचं. पहिल्या वर्षी दोन्ही गुलाब मी इतके जपले की त्यांना कात्री म्हणून लावली नाही. काट्यांची उंच, लुकडी काठी झाली आणि टोकाला एखादं फूल, तेही चिंध्या झालेलं. पण दुसऱ्या गुलाबाला बुडातून अचानक जोरदार हिरवेगार फुटवे आले. मी खूश. शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. वर्षभरात ते फुटवे पुरुषभर झाले, त्यांना झुपक्यानं बारीक, फिकट फुलं आली आणि ज्या लाल गुलाबासाठी झाड आणलं होतं त्याच्या दोन काड्या मधोमध काळ्या पडून वाळल्या. नर्सरीतला गुलाब म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर कलम करून भरलेला दुसऱ्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, हे मला माहीतच नव्हतं. जोडाच्या खालून जे फुटतं ते खुंटाचं असतं. ते दिसल्याबरोबर बुडातून ओरबाडून काढायचं, नुसतं कापलं तर दुप्पट येतं. मी मात्र त्याला वर्षभर शेणखत घातलं. कायम जागेवरचा माणूस गुपचूप निघून गेला आणि त्याच्या सहीनं दुसराच कुणी पगार उचलत राहिला, तसं झालं.

हे सगळं मला समजावलं माझ्या मावसभावानं. दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. नाशिककडच्या माणसाला छाटणी वेगळी शिकवावी लागत नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, असं वर्षातून दोनदा वेलीला सोलून काढल्याशिवाय इथे द्राक्ष येत नाही, हे लहानपणापासून बघत आलेलं असतं. मीही बघितलं होतं. पण शेतातलं ज्ञान कुंडीपर्यंत आणायचं सुचलं नव्हतं. ऑक्टोबरात एकदा तो कामासाठी शहरात आला, जेवायला थांबला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "ताई, तू हे झाड पाळलंय का पुजलंय?"

कात्री त्याच्या खिशात असतेच. मला बघवेना, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर माझ्या छातीएवढ्या गुलाबाच्या जागी गुडघ्याएवढ्या पाच काड्या. चहा होईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र शांतपणे दाखवत होता. वाळकं आणि पेन्सिलीपेक्षा बारीक सगळं काढायचं. एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक ठेवायची. जो डोळा बाहेरच्या बाजूला तोंड करून आहे तो शोधायचा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप घ्यायचा, म्हणजे फूट बाहेर जाते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. "आत तोंड केलेला डोळा ठेवला तर भुरीच्या बुरशीला तूच आमंत्रण दिलं म्हण," तो म्हणाला. मग माझ्याच प्लॅस्टिकच्या मगात मोरचूद आणि चुना कालवून कापांना बोर्डो पेस्ट फासली. मोरचूद शंभर ग्रॅम, कळीचा चुना शंभर ग्रॅम, पाणी एक लिटर, आणि लोखंडी भांडं वापरायचं नाही. फ्रान्सातल्या बोर्दो भागात १८८०च्या दशकात द्राक्षावरच्या डाऊनी या रोगासाठी हे मिश्रण निघालं. ते फिरत फिरत सिडकोतल्या गुलाबाला लागलं. त्यानंतर तो मग आंघोळीला काही कुणी घेतला नाही.

पन्नासेक दिवसांनी, चंपाषष्ठीच्या भरीत-भाकरीच्या सुमाराला, त्या पाच काड्यांवर एकोणीस कळ्या होत्या. मोजल्या होत्या मी. तेव्हापासून दर ऑक्टोबरात कात्री मीच चालवते, पण अजूनही आधी चहा पिऊन घेते.

(गुलाबाचा विषय निघाला की नाशिकमध्ये कुणीतरी गुलशनाबाद म्हणतंच. मुघलांच्या काळातलं हे आपल्या गावाचं नाव. पेशवाईत ते पुन्हा नाशिक झालं. गुलशन म्हणजे फुलबाग, नुसते गुलाब नव्हेत, पण सांगणाऱ्याला गुलाबच हवे असतात. हवेत तर असू देत.)

मोगऱ्याचं तंत्र उलटं आहे. त्याला थंडीत उपाशी ठेवावं लागतं. डिसेंबरात पाणी हळूहळू तोडायचं. निफाडकडून बोचरं वारं सुटतं, पानं तांबूस होतात, बघणारा म्हणतो झाड गेलं. जानेवारीच्या शेवटी उरलेली पानं ओरपून काढायची, फांद्या निम्म्यावर आणायच्या, बुडाशी माती हलवून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्यायची आणि मग पहिलं भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या. ज्यांना दया येते आणि जे थंडीतही रोज पाणी घालतात, त्यांच्याकडे मोगऱ्याची हिरवीगार पानंच येतात. आमच्या मागच्या गल्लीत असा एक सुंदर, धष्टपुष्ट, बिनफुलाचा मोगरा आहे.

हंगामी फुलांबद्दल मी बरीच वर्षं आकस धरला होता, हे कबूल करते. महापालिकेचा पुष्पोत्सव राजीव गांधी भवनात भरतो तेव्हा ओळीनं मांडलेल्या पिटुनिया, पॅन्झी, डॉग फ्लॉवरच्या कुंड्या बघून मला वाटायचं, हा सगळा दिखावा दोन महिन्यांचा. मग निवृत्तीच्या जवळ आल्यावर एका हिवाळ्यात सहज वीस रोपं आणली आणि त्यांच्या नादी लागले. नाशिकची थंडी या मंडळींना मानवते. ऑक्टोबरात रोपं लावली की मार्चच्या मध्यापर्यंत ती हसती असतात. उन्हाळ्यात ऑफिस टाइमची फुलं, सकाळी ऊन अंगावर आलं की उघडणारी आणि दुपार कलली की मिटणारी, माझ्यापेक्षा वक्तशीर. पावसाळ्यात झिनिया, कॉसमॉस, कोंबडा. सगळ्यांना एकच गोष्ट लागते, सुकलेलं फूल रोज खुडणं. झाडाला बी करायचं असतं. बी तयार झालं की त्याच्या लेखी काम संपलं, ते पिवळं पडायला लागतं. बी धरू दिलं नाही तर ते पुन्हा पुन्हा कळ्या काढून बघतं. म्हणजे हंगामी झाडाला राबवून घ्यायचं असेल तर त्याचा हिशेब पूर्ण होऊ द्यायचा नाही. हे तंत्र आमच्या कार्यालयाला बागकाम न करता अवगत होतं. ती नऊ वर्षं माझ्या पेन्शनमध्ये धरली गेली नाहीत.

शेवंतीनं मात्र मला तीन वर्षं छळलं. शेवंती कायमची. फुलं संपली की वरचा पाला बुडापर्यंत कापायचा, मग मुळाशी काशा फुटतात, पिल्लं म्हणतात बायका. उन्हाळाभर त्या सावलीत सांभाळायच्या, जूनमध्ये वेगळ्या करून लावायच्या, रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा म्हणजे झाड डेरेदार होतं. हे सगळं मी चोख करत होते आणि नोव्हेंबरात दारापुढची पिवळी शेवंती फुलत होती. मग गल्लीत नवे एलईडी दिवे आले. आमच्या फाटकावरच एक. रात्री अंगणात पेपर वाचता येईल असा उजेड. त्या वर्षी शेवंती फुललीच नाही. पानं काळीभोर, अंगानं ठणठणीत, कळी एक नाही. खत बदललं, माती बदलली. दुसऱ्या वर्षीही तेच.

तिसऱ्या वर्षी एक कुंडी जागा नव्हती म्हणून मागे, पाण्याच्या टाकीआड ठेवली होती. ती दिवाळीनंतर पिवळीधमक. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि खरं तर प्रकाशच नडत होता. शेवंती रात्र मोजते. सप्टेंबरच्या तेवीस तारखेच्या पुढे रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते, सलग काळोखाचे तास वाढतात, तेव्हा ती कळी धरायचं ठरवते. मध्ये उजेड आला की तिची मोजणी मोडते, तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, पॉलिहाऊसवाले मुद्दाम रात्री बल्ब लावतात शेवंतीला. बाजार बघून फूल लांबवायचं असलं की." म्हणजे जी युक्ती लोक वीजबिल भरून करतात ती माझ्या फाटकावर फुकट चालू होती. दिव्याला काही करता येईना. तेव्हापासून ऑगस्टच्या अखेरीपासून कळ्या डोळ्यांत भरेपर्यंत रोज संध्याकाळी सहाला शेवंतीच्या कुंड्यांवर काळ्या कापडाची दुहेरी खोळ चढते आणि सकाळी आठला उतरते. शेजारच्या लहान मुलाला वाटतं आजी झाडांना झोपवते. मी त्याला दुरुस्त केलेलं नाही.

झेंडूबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. दसऱ्याचं तोरण वाळलं की ते वाफ्यात कुस्करून टाकायचं आणि पुढच्या पावसात रोपं यायची, असा आमच्याकडचा रिवाज. हल्ली बाजारातली टपोरी फुलं बहुतेक संकरित बियाण्याची, त्यांच्या बियांतून तशीच फुलं येतील याची खात्री नाही. कधी एकेरी, कधी बारीक, कधी भलत्याच रंगाची. मला ती आवडतात. पिंपळगावकडचे शेतकरी टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावतात, फळ पोखरणारी अळी आधी झेंडूवर जावी म्हणून. मी गुलाबाच्या वाफ्यात लावते, झेंडूच्या मुळांनी मातीतले सूत्रकृमी कमी होतात म्हणून. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी रविवार कारंजावर भाव विचारत फिरावं लागत नाही, हेही एक कारण आहेच.

आता तेरडा.

तो मी आणला नाही. १९९२च्या जूनमध्ये सासूबाई संगमेश्वराकडून आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत लोणच्याची बरणी, आठळ्या आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी होती. पुडीत मोहरीपेक्षा थोडं मोठं, तपकिरी बी. आमच्याकडे नाशिकला महालक्ष्म्या मुखवट्याच्या, उभ्या, साड्या नेसवलेल्या. त्यांच्या माहेरी तेरड्याची गौर. रोपं मुळासकट उपटून आणायची, धुऊन जुडी बांधायची, तीच गौर. इथे आल्यावर त्यांनी आमच्या मुखवट्यांना कधी नावं ठेवली नाहीत. फक्त पहिल्या पावसानंतर कुंपणाकडेला ते बी शिंपडलं आणि मला म्हणाल्या, "ह्याचं तुला काही करायला नको गो. उपटू तेवढं नको."

मी तेव्हा हंगामीच होते आणि हेडक्लार्कची म्हण ताजी होती. मनात म्हटलं, हा आला तीन दिवसांचा. ऑगस्टात गुलाबी आणि पांढरा फुलला. फुलं पानांच्या बगलेत, देठाला चिकटून, जणू कुणी मागून डकवली आहेत. भाद्रपदात बोंडं धरली. एका सकाळी कपडे वाळत घालताना माझा हात एका बोंडाला लागला आणि ते हातातच फुटलं. त्याच्या सालीच्या पट्ट्या गरकन आत वळल्या आणि बी चष्म्यावर येऊन आदळलं. मी दचकून चिमटे टाकले. सासूबाई ओट्यावर बसून हसत होत्या.

त्या २००९ साली गेल्या. तेरडा त्यानंतर एकाही वर्षी चुकला नाही. त्याला पाणी घातलं नाही, खत घातलं नाही, कात्री लावली नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत त्याची दोन जाड दलं कुंपणाशी दिसतातच. मूळ पुडीत गुलाबी आणि पांढरा होता. आता मधमाश्यांच्या कृपेनं जांभळट आहे, ठिपक्यांचा आहे, एक तर विटकरी म्हणावा असा आहे. दसऱ्यापर्यंत सगळा सपाट. गणपतीआधी त्र्यंबकच्या वाटेवर, अंजनेरीच्या पायथ्याशी रानतेरड्याचे गुलाबी पट्टे दिसतात, तेव्हा बसमधल्या बायका फोटो काढतात. मी काढत नाही. घरची माणसं रस्त्यात भेटल्यावर आपण कुठे फोटो काढतो?

गल्लीतल्या बहुतेकांनी अंगणं केव्हाच घरात घेतली. कुणाची खोली झाली, कुणाचं दुकान, कुणाच्या गाडीची जागा. शेजारच्यांनी पेव्हर ब्लॉक घातले, स्वच्छ, पाणी मारलं की लखलखतं. यंदा जुलैमध्ये शेजारची सून फाटकाशी आली. "काकू, तुमचा तेरडा आमच्या मोरीपाशी उगवलाय. सातआठ रोपं आहेत."

मला ओशाळल्यासारखं झालं. खुरपं घेऊन गेलेच लगेच. मोरीच्या कडेला, धुण्याच्या दगडाखालून गाळ साचतो त्यात, ओळीनं उभी होती. मी वाकले तशी ती म्हणाली, "असू द्या हो. चांगली दिसतायत. गौरी होऊ देत, मग काढा."

गौरीपर्यंत बोंडं भरून निम्मी तडकलेली असतात. मी काही बोलले नाही. "बरं," म्हटलं आणि खुरपं पदराआड घेऊन घरी आले.